असाहेल टटलची कानस

कनेटिकट नदीकाठच्या रिव्हॉल्व्हरच्या कारखान्यात असाहेल टटलला सगळे म्हातारा म्हणत, तेव्हा त्याची पन्नाशीही उलटली नव्हती. चिडून चिडून केस पिकले होते, दुसरं काय! पण हात मात्र देवाचा. रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढला की सहा गोळ्यांचं चक्र एक घर फिरतं आणि खालून खटकी वर येऊन त्याच्या खाचेत बसते. ती खटकी कानसीने घासून बसवायची, हे त्याचं काम. जाड राहिली तर अडकते. जास्त घासली तर चक्र डुगडुगतं आणि गोळी नळीच्या कडेला खरडते. असाहेल नुसत्या आवाजावर खटकी बसवायचा.

मग आला ऑरिन पीज. मॅसॅच्युसेट्सचा, गोरागोमटा, तोंडात सतत शीळ. हा खटकी मापात घालून बघायचा, की झालं! असाहेलची एक होईतो याच्या दोन. वर विचारायचा, "काय टटलकाका, डुलकी लागली काय?" सगळी खोली फिदीफिदी हसायची. असाहेलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शनिवारी बायकोने, मेहिटाबलने, रांधलेले बीन्सही घशाखाली उतरेनात. "मेल्याची शीळसुद्धा सुरात आहे गं!" तो म्हणायचा.

खोलीचं काम ठेक्याने चाले. ठेका ज्याचा, तोच माणसं ठेवी आणि काढी. जुन्या ठेकेदाराचे गुडघे गेले, तेव्हा मालकाने या दोघांना एकेका रिव्हॉल्व्हरची खटकी बसवायला सांगितलं. ज्याचं सरस, त्याला ठेका. कालचं पोरगं उद्या आपल्याला हुकूम सोडणार, या विचाराने असाहेलचा जीव खालीवर झाला. स्वतःची खटकी घासतानाही त्याचं अर्धं लक्ष त्या शिळेकडेच होतं.

जेवणाची घंटा झाली, खोली रिकामी झाली. असाहेल मागे राहिला. त्याने ऑरिनचं रिव्हॉल्व्हर उचलून घोडा ओढला. खटकी अंमळ जाड होती, अडकत होती. तशीच ठेवली असती तर ठेका असाहेलच्याच पदरात पडला असता हो! पण जळणाऱ्याला धीर कुठला? तिची पुरती वाट लावायची म्हणून त्याने रिव्हॉल्व्हर खोललं आणि कानस घेतली. एक मार मारला, दुसरा मारला. जोडून घोडा ओढला. टक्! इतका स्वच्छ आवाज, की त्याच्या अंगावर काटा आला. ती बिघडायला आता आणखी दोनच मार हवे होते. पण हात काही केल्या उठेना. जन्मभर हा आवाज आला की तो हात थांबत आला होता. तेवढ्यात जिन्यात शीळ ऐकू आली. त्याने घाईघाईने रिव्हॉल्व्हर जागेवर ठेवलं.

संध्याकाळी मालकाने दोन्ही पाहिली. ऑरिनचं कानाशी नेऊन घोडा पुन्हा पुन्हा ओढला.

"टटल, तुझंही वाईट नाही. पण हे ऐक! अशी खटकी या खोलीत आजवर कुणी बसवली नव्हती. पीजच्या हाताखाली राहा, शिकशील."

ऑरिन स्वतःच चकित होऊन बघत राहिला. असाहेलने टोपी उचलली, घर गाठलं आणि बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मग जाऊन सांगा की मालकांना, ते काम तुमचं आहे म्हणून!" मेहिटाबल कळवळून म्हणाली.

"आणि माझी कानस तिथे कशी पोचली, ते काय सांगू?"

तिने नुसतं ताट पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी असाहेल कामावर गेला, तेव्हा ते रिव्हॉल्व्हर नमुना म्हणून त्याच्याच बाकासमोर टांगलेलं होतं.