पत्रिकेचं पॅकिंग

"थांबा, आधी तिला बोलू द्या," असं म्हणत मिस्त्री बोट वर करायचे आणि गाडीभोवती जमलेली माणसं गप्प व्हायची. 'ती' म्हणजे गाडी. मालकाने कितीही तक्रारी सांगितल्या तरी मिस्त्रींचा भरवसा गाडीच्याच जबानीवर. मान तिरकी, डोळे मिटलेले, ओठांत विझलेली विडी. मग निकाल लागायचा. "तुमी म्हणता क्लच. ती म्हणते, मालकाचा पाय जड हाय."

मुलांनो, तुमच्याकडे गाडीचा भाग बिघडला की नवा भाग खोक्यातून येतो. आदिलाबादेत त्या काळी, म्हणजे नव्वद सालाच्या आसपास, आमच्या जुन्या विलायती गाडीचा भाग कुठूनच येत नसे. तो मिस्त्रीच घडवायचे. ही गाडी तुमच्या आजोबांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती आणि तिच्यासोबत एक जाड इंग्रजी पुस्तकही मिळालं होतं, कोणता भाग कसा खोलायचा आणि कसा बसवायचा ते सांगणारं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे पुस्तक माझ्या कपाटात आलं. मिस्त्रींचं आणि त्या पुस्तकाचं कधी जमलं नाही.

थंडीत ही गाडी शहाण्यासारखी वागे. उन्हाळा आला की तिचं बिनसायचं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा एकत्र होतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या गाडीत नेमका त्याच्या खालून धुराचा तापलेला नळ जात होता. मे महिन्यात पेट्रोल आतल्या आत उकळायचं आणि गाडी भर रस्त्यात बसायची. मग कार्बोरेटरवर ओला फडका टाकायचा आणि कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन पाणी मागायचं. आम्हाला त्या रस्त्यावरची सगळी घरं अशीच माहीत झाली.

पुस्तकात उपाय दिला होता. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये आडोशाला एक पत्रा बसवायचा, आणि पत्र्याच्या वर एक, खाली एक असं पॅकिंग घालायचं. मी तो मोठ्यांदा वाचून दाखवला.

"बाई, हे पुस्तक थंड्या मुलकात लिहिलं," मिस्त्री म्हणाले. "आपल्या उन्हाची अन् त्याची वळख नाही."

"उपाय तर उन्हावरचाच आहे."

"मंग फडका काय वाईट हाय? फडक्याला इंग्रजी लागत नाही."

पॅकिंग म्हणजे दोन लोखंडी तोंडांच्या मधला, मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा. त्यातून वारा आत शिरता कामा नये. मिस्त्री तो लग्नपत्रिकांचा करायचे. पत्रिका लोखंडावर धरायची आणि कडेकडेने हातोडीने हलकं ठोकत जायचं, की लोखंडाची धारच पुठ्ठा कापते. मात्र त्यांचा एक नेम होता. लग्न लागेपर्यंत पत्रिकेला हात लावायचा नाही. लागलं की पत्रिका मोकळी. गावातल्या कितीतरी लग्नांचे मुहूर्त अशा रीतीने लोकांच्या इंजिनांत जाऊन बसले होते.

मिस्त्रींना एकच मुलगी. बापासारखाच कान आणि बापापेक्षा तिखट जीभ. तिला बघायला निर्मलपलीकडच्या मुधोळची मंडळी आली, तेव्हा त्यांना बसस्टँडवरून आणायला मिस्त्रींनी आमची गाडी मागून नेली. बाजारात ऐन गर्दीत गाडी बसली. मुलाच्या मामांना पांढऱ्या धोतरात खाली उतरून धक्का द्यावा लागला.

मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली. पण उठता उठता मामा बोललेच, "मिस्त्री, पोरीलेबी असंच ढकलत आणा लागते काय?"

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. "माझी पोर याच गाडीतून येईल," ते म्हणाले. "मुधोळपर्यंत एकदाबी थांबणार नाही."

चार माणसांत शब्द गेला. लग्न मे महिन्यातलं, निघायचं दुपारी, वाटेत निर्मलचा घाट. गाडी वाटेत थांबली असती तर ती गोष्ट मुलीला सासरी जन्मभर ऐकावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आमच्या दारात. "बाई, ते पुस्तक काढा."

मी चष्मा पुसला आणि पान उघडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी काम निघालं. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून मिस्त्रींनी आडोसा केला. त्यावरचं छापील सूर्यफूल त्यांनी मुद्दाम वरच्या बाजूला ठेवलं. मुलगी हळदीच्या हातांनी पायरीवर बसून हुकूम सोडत होती. सगळं जोडून झालं, गाडी सुरू केली, आणि ती दम लागलेल्या माणसासारखी धापा टाकू लागली.

मिस्त्रींनी बोट वर केलं. बराच वेळ ऐकलं. बोट तसंच हळूहळू खाली आलं.

"बाबा, वारा ओढून राह्यली," मुलगी म्हणाली.

"मले ऐकू येते."

कार्बोरेटर पुन्हा खाली उतरला. पॅकिंग अखंड नव्हतं, दोन तुकडे जोडून केलेलं होतं. मिस्त्रींनी आपला नेम मोडून मुलीचीच पत्रिका वापरली होती. तिच्या गाडीत तिचीच पत्रिका, शुभ म्हणून.

"जोड दिला काऊन?"

"मधात गणपती होता," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "देवावर हातोडी कशी चालवू?"

"म्हणजे देवाले वाचवलं अन् मले घाटात बसवून राह्यले."

घरातल्या साऱ्या नव्या पत्रिकांवर मधोमध गणपती, आणि जुन्या पत्रिका लग्नघराच्या साफसफाईत गेलेल्या. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा तेल लागलं की फुगायचा. मिस्त्री स्टुलावर बसून राहिले. उद्या दुपारचा विचार आमच्या सगळ्यांच्याच मनात होता. मी पुस्तक मिटलं तेव्हा त्याचं मागचं कव्हर हाताला लागलं. घट्ट, चिवट, विलायती पुठ्ठा.

"बाई, पुस्तक फाडता?" मिस्त्री दचकले.

"फाडत नाही, कापते," मी म्हणाले. पट्टी आणि ब्लेड घेऊन सरळ रेषेत कापून दिलं. जीव थोडा चुरचुरला, खोटं कशाला सांगू?

मिस्त्रींनी पुठ्ठा लोखंडावर धरून ठोकायला सुरुवात केली. "चला," ते म्हणाले, "पुस्तक एकदाचं उन्हात उतरलं."

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी मामांची जीप आमच्या मागे उभी होती आणि तिच्या पुढच्या सीटवर गाडी ओढायचा सुताचा जाड दोर होता. "असू द्या सोबतीले," मामा म्हणाले. तुमच्या आजोबांनी गाडी सुरू केली. मी पाठराखीण म्हणून नवरीशेजारी बसले. बापाने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावून दिलं.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. आदिलाबादही आमचं सुटलं. मला मात्र ते आठवतात ते त्या पाठवणीच्या दुसऱ्या दिवशीचे. आम्ही मुधोळहून परत येत होतो. मावला गावापाशी, आदिलाबादेत शिरायच्या अलीकडे, ते एकटेच रस्त्याच्या कडेला उभे होते. आजोबांनी गाडी थांबवली, आम्ही खाली उतरलो. मिस्त्रींनी रामराम केला नाही, सरळ बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

"कुठं थांबली?"

"कुठेच नाही," आजोबा म्हणाले.

"घाटात?"

"घाटात मामांची जीप मागे पडली."

आत पान्हा कशावर तरी वाजला. मग हळूच प्रश्न आला, "अन् पोरगी? रडली काय?"

"निर्मलपर्यंत रडली," मी म्हणाले. "मुधोळला दारात उतरली, तेव्हा खाली मान घालून मामांना म्हणाली, मामाजी, दोर गुंडाळून ठेवा, जीपला लागेल."

बॉनेटखालून मोठ्याने हसू आलं. मग एक हात बाहेर आला आणि खांद्यावरचा फडका आत ओढून घेतला.

"मिस्त्री, काही ढिलं झालंय का?" आजोबांनी विचारलं.

"नाही, साहेब. सारं घट्ट हाय," ते म्हणाले, पण डोकं काही बाहेर काढलं नाही. आम्ही दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाड्या बघत उभे राहिलो.