मडगार्ड कापलेली गाडी

माझ्या गाडीचं मागचं मडगार्ड मला बदकाच्या शेपटीसारखं दिसायचं. पुढून बघावं तर गाडी एकदम हिरो, मागून बघावं तर बदक अंडं द्यायला निघालंय. मोबाईलवर कापलेल्या गाड्या बघून बघून माझे डोळे बिघडले होते. सीट संपली की गाडी संपली, खाली नुसतं चाक. बघूनच माणूस प्रेमात पडावा.

शेवटी जव्हारच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "पावसाळा जाऊ दे. दिवाळीत काप."

मी त्याच्याच आवाजात, नाकातून, म्हटलं, "दिवाळीत काप."

तो हसला नाही. नकला करणाऱ्याला हे लवकर कळतं. ज्याची नक्कल करावी तो सोडून बाकी सगळे हसतात. माझा मित्र तर पोट धरून खालीच बसला.

हा मित्र पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा. शाळेत माझ्या मागच्या बाकावर, आणि गाडी घेतल्यापासून माझ्या मागच्या सीटवर. आमचं जव्हारला किराणा दुकान, म्हणून तो मला शेठ म्हणायचा. मी हेडसरांची, एसटी कंडक्टरची, घाटात दम लागलेल्या टेम्पोची नक्कल करायचो. पण सगळ्यात हुबेहूब जमायचा तो याचाच आवाज. जरासा बसका, आणि शब्दाचं शेवटचं टोक खाऊन टाकणारा. वर्गात हजेरीला तो नसला की मी "हजर" म्हणायचो आणि सर पुढच्या नंबरवर जायचे.

तर मी चिकटपट्टी लावून मडगार्डवर रेघ आखली. गॅरेजवाल्यानं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडायला लागल्या तसा मीही तोंडानं ग्राइंडर सुरू केला, मग कुठला खरा नि कुठला खोटा हे त्यालाच कळेना. शेपटी टणकन खाली पडली. कापलेल्या कडेवर त्यानं कानस फिरवली, लाईट वर सीटखाली घेतला, नंबरप्लेट त्याच्याखाली बसवली. काय दिसत होती गाडी! मी दहा वेळा मागून बघितली.

"आता चिखल सरळ पाठीवर येणार," गॅरेजवाला म्हणाला.

"कोणाच्या?" मित्र म्हणाला. "मागं तर मी बसतो. शेठचा शर्ट कोराच राहील."

आणि तसंच झालं. चाकानं उडवलेला चिखल शेवटी बसलेल्या माणसाच्या पाठीवर जातो. मोखाड्याला पोचलो की याच्या कंबरेपासून मानेपर्यंत तांबडा पट्टा असायचा आणि माझी पाठ कोरडी ठणठणीत. तो तसाच टपरीवर चहा प्यायचा, आणि कोणी विचारलं की सांगायचा, "शेठनं गाडीला मडगार्ड नाय ठेवला, मला ठेवलाय."

नारळी पौर्णिमेनंतर तो बोटीवर गेला. आमच्या बाजूची बरीच पोरं जातात, गुजरातकडे, मासेमारीच्या बोटींवर. आधी किनाऱ्याला लागले की फोन यायचे. जेवण तिखट नाही, झोपताना अंथरूण हलतं, असलं काय काय. मग फोन यायचे थांबले. समुद्रात रेंज नसते हे आम्हाला ठाऊक होतं. पण मधेच वादळाची बातमी आली, बोटी माघारी बोलावल्या असं कळलं, आणि याची बोट कुठे लागली ते कोणालाच सांगता येईना. घरात ती माय नि तो लेक, दोघंच. त्याचा बाप लहानपणीच गेलेला.

पाड्यावर नेटवर्क नाही. म्हणून दर रविवारी मी जव्हारहून फोन लावून बघायचो आणि काय झालं ते सांगायला तिच्याकडे जायचो. सांगण्यासारखं काही नसायचंच. आता मागे कोणी नाही, म्हणून पट्टा माझ्या पाठीवर. माझी आई म्हणायची, "सगळा रस्ता पाठीवर घेऊन आलास, आता लोकांनी चालायचं कशावरून?" तिकडे मावशी, म्हणजे त्याची माय, मला वळवून ओल्या फडक्यानं पाठ पुसायची नि विचारायची, "लागला काय फोन?"

"नाही लागला, मावशी."

एका रविवारी तिनं पुसता पुसता म्हटलं, "तू त्याच्यासारखा बोलतंस ना रं?"

"कोण म्हणालं?"

"तोच सांगायचा. जा, आंगणात जा. तो येतो तशी हाक मार."

मी म्हटलं, "नको, मावशी." पण ती चुलीपुढे जाऊन बसलीसुद्धा, दाराकडे पाठ करून. मग गेलो अंगणात. वरून सूर्यमाळच्या बाजूनं धुकं उतरत होतं. समोरची नाचणी दिसत होती, तिच्यापलीकडचं काही नाही. मी घसा साफ केला आणि त्याच्या आवाजात हाक दिली, "आये, गं आये!"

"ओ!" आतून लगेच आलं. असं आलं की माझ्या अंगावर काटा. इतकी वर्षं नकला केल्या, पण माझ्या नकलेला कोणी खरोखरीचं उत्तर दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी अंगणात असतानाच ती आतून बोलायला लागली.

"जेवलास काय?"

"जेवलो, आये."

"थंडी वाजते काय तिकडं?"

"नाय वाजत."

"कधी येतंस?"

मला म्हणायचं होतं, दिवाळीला. मनात शब्द तयार होता. तोंडातून निघालं, "निघालोय."

मी तिथेच उभा राहिलो. मी माणसांचे आवाज काढतो, पण शब्द माझे असतात. हा शब्द माझा नव्हता. धुक्यात नाचणीची कणसं हलत होती आणि वारा तर अजिबात नव्हता. आत गेलो तर मावशी नुसती लाकडं पुढे सारत होती.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी निघालो तेव्हा पाऊस नुकताच थांबलेला. रस्त्यावर सगळीकडे राडा. गाडी त्या दिवशी जड चालत होती. चढाला गिअर उतरवावा लागला, तो एरवी लागत नाही. मला वाटलं, मागच्या चाकात हवा कमी. उतरून दाबून बघितलं, हवा बरोबर होती. एका वळणावर मी उगाच म्हटलं, "काय रे खलाशी, वजन वाढलं वाटतं समुद्रावर?" आपलीच गंमत, एकटा असलो की करतो मी. पण मान काही मागे वळवली नाही. का ते सांगता येणार नाही.

मावशी दारातच होती. हातात ओलं फडकं. मी सवयीनं तिच्याकडे पाठ केली. फडकं लागलंच नाही.

"काय झालं?"

मग तिचा तळवा माझ्या पाठीवर टेकला.

"सुकी हाय," ती म्हणाली. "गरम हाय."

मी शर्ट पुढे ओढून बघितला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. बाह्यांवर शिंतोडे. आणि पाठ कोरी, आत्ता घडीतून काढल्यासारखी. एवढा वीसेक किलोमीटरचा राडा तुडवून.

"कोणाला बसवून आणलंस?"

"कोणाला नाही, मावशी. शपथ."

तिनं गाडीकडे बघितलं, मग मला हाताला धरून आत नेलं. खाली बसवलं, भाकरी आणि भाजी पुढे ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं रं. जो नाय त्याला हाक मारू नये. तो ऐकत नाय, दुसराच कोण ऐकतो. आन पयल्या हाकेला ओ देऊ नये, तसला एकदाच हाक मारतो, ह्ये तर बारक्या पोराला कळतं. मी दर येळेला दिला."

मी भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबला. तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"आये, गं आये!"

मावशीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे दोन्ही गाल फुगलेले, घास तसाच. मी मान हलवली. मी नाही. तिचे ओठ 'ओ' म्हणायला उघडले होते, ते तिनं हातानं दाबून धरले. मी चावायचा थांबलो. चुलीतलं लाकूड फुटलं तर दोघंही दचकलो. दुसरी हाक येते का, एवढंच ऐकत होतो. चांगला वेळ गेला. अंगणात पाय वाजले नाहीत, काही नाही.

"आये! बहिरी झालीस काय? भिजून मेलो मी, टॉवेल दे!"

मावशी उठली ती पडत धडपडत. दारात तो उभा. वाळलेला, काळा पडलेला, दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. बोटीचं इंजिन बंद पडून कुठल्या तरी दुसऱ्याच बंदराला लागले होते, मोबाईल पाण्यात गेला होता. आता मोखाड्याहून जीपनं आला होता आणि पाड्याची वाट चालत, तिकडच्या सरीत भिजून.

मला वाटलं ती त्याला मिठी मारेल. तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला वळवलं. पाठ बघितली. पावसानं ओली होती, पण चिखलाचा एक ठिपका नव्हता. तिनं हात फिरवला, वास घेतला, परत हात फिरवला.

"काय करतंस, आये? गुदगुल्या होतात."

तेव्हा ती रडली. रडता रडताच तिनं दारातून गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कळून न कळल्यासारखं केलं.

जेवण झालं. त्याला नवीन सिम घ्यायचं होतं. "चल शेठ, मोखाड्याला सोड. गाडी तर झ्याक ठेवलीस." मी आढेवेढे घेतले, पण त्याला खरं कारण काय सांगणार? गाडीवर बसलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून एक पाय टाकायला उचलला आणि तसाच थांबला.

"सरक की पुढं."

मी सरकलो.

"आजून सरक. जागाच नाय मागं."

"अरे, टाकीवर बसलोय मी!" म्हटलं. माझा आवाज भलताच बारीक निघाला. ती कोणाची नक्कल नव्हती.

त्यानं पाय खाली घेतला. सीट रिकामी होती. आम्हा दोघांनाही दिसत होती, काळी, ओली, रिकामी. त्याचा चेहरा हसण्याच्या बेतात होता, पण पुढे गेला नाही.

मावशी दारातून खाली उतरली. पदर डोक्यावर घेतला. आमच्याकडे न बघता ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि शेजारच्या पोराला समजावावं तशी सीटकडे बघून म्हणाली, "उतर रं बाबा. माझा आला. तू ज्याचा असशील त्याच्या घरी जा. तुजी आये वाट बघत आसंल."

मित्र अजून जमिनीवरच उभा होता. गाडीचा मागचा भाग हळूच वर आला, कोणी उतरल्यावर येतो तसा.