एका खडकावरच्या दोघी

निवृत्तीला आठवडा राहिला होता. दिल्लीतल्या कचेरीत माझं कपाट आवरताना नमुन्यांच्या एका जुन्या बाटलीचं बूच सैल झालेलं दिसलं आणि स्पिरिटच्या उग्र दर्पाखालून खारट, शेवाळलेला वास हलकेच वर आला. खिडकीबाहेर नोव्हेंबरचं धुरकट ऊन होतं. समुद्र इथून शेकडो कोस दूर. तरी मी खुर्चीत बसून राहिले, कारण त्या वासामागोमाग ती आली होती.

आम्ही दोघी एकाच सरांकडे संशोधन करायचो. ओहोटी लागली की रत्नागिरीच्या खडकांवर लिंपेट शोधत हिंडायचं. लहानशा टोपीएवढा, एकाच शिंपल्याखाली राहणारा हा जीव. हात लागला की खडकाला असा घट्ट धरतो की सुरीच्या पात्यालाही दाद देत नाही. मी मोजमापं घेई. ती तासन्‌तास नुसती बघत बसे. एकदा ओल्या खडकावर उकिडवी बसलेली असताना म्हणाली, "खडकाच्या वरच्या आणि खालच्या एक नाहीत गं. या दोन जाती आहेत." वरच्यांना ऊन जास्त लागतं म्हणून त्यांचा शिंपला जाड, असं सांगून मी विषय उडवून लावला.

तिने सरांकडे तोच विषय मागितला. सरांनी मला बाजूला घेऊन मत विचारलं, आणि मी म्हणाले, "एकच जात आहे, सर." खात्री होती म्हणून नव्हे. तिचं खरं निघालं असतं तर माझी दोन वर्षांची मोजमापं मोडीत निघाली असती. तिला विषय मिळाला नाही. ती देवगडला परतली, लग्न झालं, शाळेत शिकवू लागली. मला दिल्लीची नोकरी लागली, फरीदाबादला घर झालं, आणि तिला पत्र लिहायचं रोज उद्यावर जात राहिलं.

यंदा आमच्याच विभागातल्या एका सहकारी बाईंनी रत्नागिरीच्या त्या जुन्या बाटल्यांमधल्या नमुन्यांचा डीएनए तपासला. दिल्लीतच वाढलेल्या त्या. "मॅम, दोन्ही बिल्कुल अलग आहेत," म्हणाल्या. लिंपेटची पिल्लं काही दिवस पाण्यात तरंगतात आणि प्रवाह नेईल तिथे टेकतात. एखादा जथा दूर जाऊन पडला आणि पिढ्यान्‌पिढ्या मूळच्यांत मिसळला नाही, की हळूहळू निराळा होत जातो. पुढे समुद्राने दोघांना पुन्हा एका खडकावर आणलं तरी दिसायला बहिणी, पण वंश वेगळे. हे सगळं मला पाठ होतं. ती मात्र ते डोळ्यांनी बघून बोलली होती.

कपाट आवरलं त्याच आठवड्यात जुन्या वर्गमैत्रिणींकडून नंबर मिळवला आणि रविवारी सकाळी फोन लावला. तिचं बरोबर होतं, हे सांगितलं. मग सरांपाशी मी काय बोलले होते, तेही.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. मग मुलं झाली, राहून गेलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. या शोधाच्या निबंधात तुझं नाव पहिलं घालणार आहोत, चालेल ना, असं मी विचारलं.

"घाल," ती म्हणाली. "पण माहेरचं घाल. तेव्हा मी तीच होते."

मग तिच्या दारी कुणीतरी आलं आणि तिने फोन ठेवला. पुन्हा कर, असं ती म्हणाली नाही. मीही केला नाही. निबंध गेला, पहिलं नाव तिचं आहे, माहेरचं. इतकी वर्षं वाटायचं, एकदा सांगून टाकलं की मन हलकं होईल. तसं ते झालंही. पण ते ओझं होतं तोवर ती रोज माझ्याबरोबर असे, हे ते उतरल्यावर कळलं.