हॉर्नच्या फ्यूजची पुडी

रघू गेल्याचं मला नाशिकला, शालिमारच्या टॅक्सी स्टँडवर कळलं. मी गाडीच्या काचेवर फडकं मारत होतो. मालेगाव एसटीचा एक कंडक्टर रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, गांगुर्डे मिस्त्री परवा गेले, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, घरच्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलंय. मी ‘हं’ म्हणालो आणि फडकं फिरवत राहिलो. तो बिचारा थोडा वेळ तसाच उभा होता, त्याला वाटलं असेल की याला ऐकू आलं नाही… ऐकू आलं होतं हो. पण खरं सांगतो, मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. पहिल्यांदा आलं ते हे, की आता सांगायचं राहूनच गेलं. याला दीड महिना झाला. मी काही लिहिणारा माणूस नाही, माझा जन्म स्टिअरिंग धरण्यात गेला. पण चार माणसांत उभं राहून जे बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

रघुनाथ गांगुर्डे गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. द्वारका चौकाजवळ आग्रा रोडच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. आम्ही दोघं मखमलाबादचे. आमच्या घरी गुलाब-शेवंतीचा मळा, तो बौद्धवाड्यातला, आणि शाळेत आम्ही एका बाकावर. आणीबाणी उठली त्या सुमारास मी मळा भावाच्या हवाली केला, एक जुनी अँबॅसिडर घेतली आणि टॅक्सीला लावली. तिच्या बॉनेटखाली दोनच फ्यूज होते, काचेच्या नळीतले. निम्मी गाडी एकावर, निम्मी दुसऱ्यावर. रघूला ते मुळीच पटेना. एक गेला तर हॉर्न बिघडला की वायपर हे कळायचं कसं, म्हणून तो कुरकुरायचा. शेवटी त्यानं फायबरची पाटी कापली, आठ फ्यूज बसवले आणि प्रत्येकाखाली बारीक ब्रशनं पांढऱ्या रंगात नाव घातलं: हॉर्न, वायपर, डावा दिवा, उजवा दिवा… अक्षर असं की मास्तरांनी बघत राहावं. पाटी बसवल्यावर मला सीटवर बसवून एकेक बटण दाबायला लावलं आणि काय दाबलं ते मोठ्यानं म्हणायला लावलं. मी वैतागलो, पण म्हटलं.

माणूस तसा गरीब गाय. पण फ्यूजच्या जागी कुणी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली किंवा तार पिळून बसवलेली दिसली की त्याचं डोकं फिरायचं. “फ्यूज उडतो म्हणजे गाडी काहीतरी सांगत असते, आणि तुम्ही तिचं तोंड बांधता,” असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा. उडालेला फ्यूज तो फेकत नसे. कागदाच्या पुडीत बांधायचा, पुडीवर गाडीचा नंबर लिहायचा आणि खाली ‘कारण’ असं लिहून पुढे जागा सोडायचा. कारण सापडेपर्यंत पुडी खिळ्याला लटकलेली. सापडलं की ते लिहून पुडी मालकाच्या हातात. आम्ही त्याला वैद्यबुवा म्हणून चिडवायचो आणि तोही हसायचा.

माझ्या गाडीची नवी पाटी बसून महिना झाला असेल नसेल, हॉर्नचा फ्यूज उडायला लागला. रघूनं दोनदा तपासलं आणि सांगितलं की पाटीत काही नाही, स्टिअरिंगच्या दांड्यातून जाणारी जुनी वायर कुठेतरी घासतेय, डावीकडे पूर्ण वळवलं की टेकते. दोन दिवस गाडी सोड, दांडा खोलतो, म्हणाला. आता श्रावण चालू, दुसऱ्या दिवशी सोमवार. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जाणारी गाडी कुठला टॅक्सीवाला दोन दिवस उभी करेल? मी मंगळवारी आणतो म्हणालो. सोमवारी सकाळी फ्यूज पुन्हा उडाला. सवारी गाडीत बसलेली, अमरावतीकडचं कुटुंब, म्हातारी सासूबाई पुढे माझ्या शेजारी. मी बॉनेट उघडलं, डिकीतल्या वायरच्या तुकड्यातली जाड तांब्याची तार सोलली आणि ‘हॉर्न’ लिहिलेल्या जागी पिळून बसवली. मी, रघूचा मित्र. त्याचं सगळं ऐकलेलं, तरी बसवली.

परतताना अंजनेरीच्या वळणावर वायर टेकली, जाड तार काही फ्यूजसारखी उडाली नाही, आणि डॅशबोर्डखालून धूर आला. जुनं कापडी वेष्टणाचं वायरिंग, पेटायला कितीसा वेळ? मागच्यांनी उड्या मारल्या. सासूबाईंना उतरवेपर्यंत त्यांचे पाय भाजले. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या “अरे देवा, अरे देवा” म्हणत राहिल्या, आणि ते आजही माझ्या कानात आहे. गाडीचा सांगाडा पोलीस ठाण्याच्या आवारात ओढून आणला. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, त्यांनी पाटी पाहिली. पण तिथे तार नव्हतीच. मला वाटलं, आगीत वितळून गेली, देवानं वाचवलं! साहेबांनी विचारलं, वायरिंगला हात कुणी लावला होता? मी म्हणालो, महिन्यापूर्वी गांगुर्डे मिस्त्रीनं नवीन पाटी बसवली. एवढंच म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात… कागदावर आलं, सदोष वायरिंग. माझं परमिट वाचलं, विम्यातून दुसरी गाडी आली.

रघूचं मात्र संपलं. स्टँडवर बातमी फिरायला अर्धा दिवस पुरला. ज्यांच्या गाड्या त्यानं वर्षानुवर्षं सांभाळल्या होत्या ते द्वारकेवरून जाताना मान फिरवून जाऊ लागले. एकानं तर चहा पिता पिता माझ्यादेखत म्हटलं, असल्या लोकांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. असल्या म्हणजे कसल्या, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं, मलाही. मी कपातला चहा संपवला. त्या चहाची मला आजही किळस येते, पण त्या दिवशी मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. दिवाळीनंतर रघूनं दुकान बंद केलं आणि मालेगावला गेला, यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करायला, दुसऱ्याच्या हाताखाली. जाताना मला भेटायला आला होता. मी घरात असून बायकोला सांगितलं, नाही म्हण.

आठ वर्षांनी, सवारी घेऊन मालेगावला गेलो तेव्हा हिंमत करून त्याच्याकडे गेलो. मागांच्या खडखडाटात तो एका मोटारीवर वाकलेला होता, केस पांढरे, चष्मा आलेला. हात पुसत बाहेर आला, मळ्याची चौकशी केली, आईची केली, भजी मागवली. मी ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “शांताराम, काही सांगायचं होतं का?”

“नाही रे,” मी म्हणालो, “इकडे आलो होतो, म्हटलं भेटून जावं.”

त्यानं मान हलवली. एसटी स्टँडजवळ लावलेल्या माझ्या गाडीपर्यंत सोडायला आला आणि बॉनेट उघडायला लावलं. प्रत्येक फ्यूज बोटानं दाबून पाहिला. ठीक आहे, जा, म्हणाला. ती आमची शेवटची भेट.

रघूच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मालेगावला गेलो. वंदना झाली, मग एकेकजण उठून बोलू लागला. मागावरची माणसं बोलली, शेजारी बोलले. नाशिकहून मित्र आलेत, दोन शब्द बोला, म्हणून मलाही उभं केलं. समोर रघूचा फोटो, हार, मेणबत्ती. याच्यासारखी संधी पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, “फार चांगला मिस्त्री होता,” आणि खाली बसलो. थू माझ्या जिनगानीवर.

निघताना रघूची बायको, अनुसयावहिनी, आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. त्यात पुडी होती, एकच. पिवळी पडलेली. वर माझ्या जळालेल्या गाडीचा नंबर, रघूच्या त्या सुरेख अक्षरात. आत अर्धवट वितळलेली तांब्याची जाड तार. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “आग लागली त्या संध्याकाळी ते ठाण्याच्या आवारात गेले होते, साहेब यायच्या आधी. ही काढून आणली. बाकी सगळ्या पुड्या ज्याच्या त्याला दिल्या, भाऊजी. ही का देत नाही, विचारलं, तर म्हणायचे, कारण लिहायचं राहिलंय, तो येऊन लिहील.”

महिनाभर ती पुडी माझ्या टेबलावर आहे. खाली ‘कारण’ आणि पुढे मोकळी जागा, दहा वर्षांची. रघूला दोन शब्दांत लिहिता आलं असतं, त्यानं लिहिलं नाही. आज सकाळी मी लिहिलं: जाड तार. शांतारामनं बसवली, रघूनं नाही. खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. रीतीप्रमाणे आता ही पुडी माझीच झाली, पण ती माझ्या हातात द्यायला रघू नाही.