साडेतीन दिवे

गायकवाडमॅडम कुठलंही यंत्र दिव्यांत मोजायच्या. अश्वशक्ती असो, किलोवॅट असो, त्यांच्या तोंडून ते शंभर वॅटच्या बल्बमध्येच बाहेर पडायचं. तसले पिवळे बल्ब आता फारसे दिसत नाहीत, पण मॅडमच्या हिशेबातून ते शेवटपर्यंत गेले नाहीत. "वीस दिवे जाळतेयस गं, आटप," असं त्या माझ्या गीझरबद्दल जिन्यातून ओरडायच्या. पंपांच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून उभं आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर आमच्या दिंडोशीच्या इमारतीचा म्हातारा जनरेटर त्यांनी आपणहून अंगावर घेतला.

एकदा गच्चीत कोणीतरी गमतीने विचारलं, माणूस किती दिव्यांचा? मॅडम हसल्या नाहीत. "नुसता बसला तरी शंभर वॅटची ऊब टाकतो. एक दिवा," म्हणाल्या. त्यावरून आम्ही एकमेकांना बरेच दिवस चिडवलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. बाबा तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनवर होते. इन्व्हर्टरने मान टाकली, राखीव सिलिंडरचा काटा लाल पट्टीत शिरला आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन लागेना. मी शेजारी मॅडमचं दार ठोठावलं. त्यांनी मशीनमागची पट्टी वाचली. "साडेतीन दिवे. जमेल," म्हणाल्या, आणि जिन्यातल्या, जनरेटरवर चालणाऱ्या बोर्डावरून वायर ओढून मशीन सुरू केलं.

तेवढ्यात कोणीतरी लिफ्ट बोलावली. जिन्यातले दिवे मंदावले, मशीन कोकलायला लागलं आणि बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. लिफ्टची मोटर सदतीस दिव्यांची, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट खेचणारी. ती बंद करायची तर गच्चीवरच्या मोटरच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी गावाला. मॅडमनी लिफ्ट आमच्या सहाव्या मजल्यावर आणली, जाळीचं दार उघडलं आणि दारातच स्टूल टाकून बसल्या. दार उघडं असलं की ती लिफ्ट हलत नसे.

सातव्या मजल्यावरचा नितीन पिशव्या घेऊन घामाघूम चढत आला.

"मॅडम, एका दिव्यासाठी अख्खी बिल्डिंग पायी चढवताय?"

"हो. एकाच."

तो पिशव्या सावरत वर गेला. मी बाबांच्या आणि त्यांच्या मध्ये येरझाऱ्या घालत होते. बाबांचे ओठ निळसर दिसले की मला धडकी भरायची. मध्येच मॅडमचा फोन वाजला. "आलात? वॉचमनच्या खुर्चीत बसा. पाणी घोटभरच प्या," एवढंच त्या बोलल्या. फोन पुन्हा दोनदा आला, तेव्हा मॅडमचा आवाज आणखी उतरला होता. कोणी पाहुणे असतील असं मला वाटलं. विचारायचं सुचलं नाही.

उन्हं कलल्यावर वीज आली. मॅडमनी स्टूल उचललं. गुडघे धरूनच उठल्या आणि लिफ्ट खाली पाठवली. वर आले ते गायकवाडकाका. डायलिसिस करून परतलेले, चेहरा पांढराफटक, इतका वेळ तळमजल्यावरच्या उकाड्यात बसून राहिलेले.

"मॅडम, सांगायचं तरी ना," मी म्हणाले.

"सांगून काय? बाबांचं मशीन बंद केलं असतंस?"

काका भिंतीचा आधार घेत घराकडे निघाले. माझ्यापाशी थांबले, दम घेतला आणि विचारलं, "बाबा कसे आहेत?"