प्रज्ञाचा व्हिसा आणि आमच्या घरची खिडकी

एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा कुठला कागद कमी आहे, हे त्यानं तोंड उघडायच्या आत मला कळतं. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाणार, अशी मला काळजी होती. तेवढ्यात आमच्या प्रज्ञाला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही आली.

व्हिसाच्या क्लासच्या सरांनी तिला सांगितलं होतं की मुलाखत खुर्चीत बसून नसते. काचेच्या खिडकीशी उभं राहायचं, आत अधिकारी असतो, दोन-तीन मिनिटांत निकाल! हे ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला.

"खिडकी म्हणालीस?"

"हो पप्पा."

"मग ते सर काय शिकवणार? ते कधी खिडकीत बसलेत का?"

प्रज्ञानं तिच्या आईकडं पाहिलं. आईनं, म्हणजे आमच्या सुमननं, छताकडं पाहिलं. मी याला संमती समजलो.

दुसऱ्या दिवसापासून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी तालीम सुरू झाली. रस्त्याकडच्या खिडकीला गज आहेत, ते उपयोगी पडले. आत मी टेबल मांडलं, त्यावर शाईचं पॅड ठेवलं (शिक्का नव्हता, पण पॅडशिवाय मला अधिकारी झाल्यासारखं वाटेना!) आणि प्रज्ञाला बाहेर ओट्यावर उभं केलं. तिच्या हातात मी स्वतः लावलेली फाईल. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, माझी निवृत्तीची ऑर्डर, घराच्या पाणीपट्टीची पावती. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स होत्या.

"बोला, काय काम आहे?"

"पप्पा, ते असं विचारत नाहीत. ते गुड मॉर्निंग म्हणतात."

"खिडकीतला माणूस गुड मॉर्निंग म्हणत नसतो! कागद दाखवा. हं... आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला?"

"तो त्यांना कशाला लागेल?"

"म्हणजे नाही. उद्या या!" आणि मी खिडकी लावून घेतली.

रोज असंच चाललं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा पहिला नियम. विचारलं तरी बोलायचं नाही, कागद पुढं करायचा, हा दुसरा. जास्त बोलणाऱ्या माणसाचा आम्हा खिडकीवाल्यांना संशय येतो, हे मी अनुभवानं सांगत होतो. पोरगी बिचारी मान हलवायची, आणि मी रोज एक नवा कागद कमी काढायचो.

चौथ्या दिवशी प्रज्ञाच्या मागं एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. करमाडहून आल्या होत्या.

"दादा, उत्पन्नाचा दाखला हितंच मिळतो व्हय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझा हात गजांतून आधीच बाहेर गेला होता!

"तलाठ्याचा अहवाल कुठंय?"

"त्यो बी लागतो व्हय?"

"उद्या या!"

दुसऱ्या दिवशी मावशी अहवाल घेऊन हजर, आणि सोबत गावातल्या दोघीजणी! आता काय करता? मी त्यांचे अर्ज लिहून दिले, खरी कचेरी कुठंय ते सांगितलं, कुठल्या टेबलाशी जायचं तेही सांगितलं. ही बातमी पसरली. मग एक रिक्षावाला आला, मग त्याचा मेव्हणा.

"पप्पा, मी रांगेत पाचवी आहे!" प्रज्ञा मागून ओरडली.

"तिथंही रांगच असते. सवय होऊ दे!"

मुलाखतीला चार दिवस राहिले, तेव्हा सरांनी शेवटची तालीम घेतली. मी मोठ्या ऐटीत क्लासच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. सरांनी इंग्रजीत विचारलं, हेच विद्यापीठ का? प्रज्ञानं फाईल उघडून प्रवेशाचं पत्र पुढं केलं. हाच विषय का? गुणपत्रिका. शिकून परत येणार का? तिनं पाणीपट्टीची पावती दिली!

सरांनी चष्मा काढला. "काका, ही आधी छान बोलायची. आता काय झालं हिला? अशी गेली तर परत पाठवतील."

येताना रिक्षात प्रज्ञा रडली. "दोन वर्षं घातलीत मी यात, पप्पा. आता माझ्या तोंडातून शब्दच फुटत नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरासमोर रफीकभाईंचं शिलाईचं दुकान आहे. ते पंधरा दिवस गळ्यात टेप अडकवून आमची कचेरी बघत होते. प्रज्ञाचे डोळे बघून ते सरळ घरात आले.

"साहब, जरा सरको." माझ्या खुर्चीत बसून त्यांनी माझं पॅड बाजूला सारलं! "बेटा, फाईल उधर रख. मेरे को ये बता, इत्ती दूर कायकू जाना है तेरे को?"

प्रज्ञा ओट्यावर उभी होती. ती हळूहळू बोलायला लागली.

"चाचा, आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो. आणि याच शहरात जुन्या लोकांनी जमिनीखालून पाण्याची नहर आणली, ना वीज होती, ना पंप. जमिनीतलं पाणी त्यांना कळलं होतं. ते मला शिकायचंय."

"सीख के वापस आयेगी?"

"नहर इथं आहे, चाचा. तिथं थांबून काय करू?"

"पास!" रफीकभाईंनी टेबलावर थाप मारली.

"लई ग्वाड बोलली पोरगी," झालेला दाखला दाखवायला आलेल्या मावशी म्हणाल्या. इतकी वर्षं मी प्रज्ञाचा बाप आहे, पण हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली.

पुढचे तीन दिवस खिडकीत रफीकभाई बसले आणि चौथ्या दिवशी आम्ही मुंबई गाठली. प्रज्ञा अमेरिकेच्या वकिलातीत गेली. मी आणि सुमन समोरच्या फुटपाथवर उभे. तासाभरानं ती पळत आली.

"मिळाला!"

सुमननं तिला मिठीच मारली.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"हाच विषय का, ते. मी नहरीचं सांगितलं. मग, परत येऊन काय करणार? तेही सांगितलं. झालं!"

"आणि फाईल?"

"उघडायलाच लागली नाही, पप्पा."

परतीच्या बसमध्ये प्रज्ञा खिडकीला डोकं टेकून झोपली. मी मांडीवरच्या फाईलमधल्या झेरॉक्स मोजत बसलो.

"अहो, पोरीचं काम झालं, आणि तुमचं तोंड का उतरलंय?" सुमननं विचारलं.

"एवढी फाईल लावली, एक कागद बघितला नाही."

"फाईलीचं मला नका सांगू. करमाडच्या बाईंना तुम्ही एका दिवसात मार्गी लावलंत. रिक्षावाल्याला लावलंत, त्याच्या मेव्हण्याला लावलंत. पोरीचाच कागद रोज बरा कमी पडायचा! जाऊ नको, असं सरळ सांगायचं की तिला."

मी झोपलेल्या प्रज्ञाकडं पाहिलं. बायकोशी वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकतीस वर्षांत मी शेकड्यांनी अर्ज अडवले, पण सगळे नियमानं. मनापासून अडवलेला हा एकच, आणि नेमका तोच मंजूर झाला!