कोड उघडा हाय की

बोलता बोलता समोरच्याचा मॉनिटर दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढून घ्यायची त्याला सवय होती. तुम्ही टाइप करत असलात तरी. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, तर मला त्याचा राग का यायचा हे वेगळं सांगायला नको.

कोल्हापुरातल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत आम्ही सहा वर्षं एका खोलीत बसलो. मी शिक्षकांच्या नेमणुका-बदल्यांचे कागद बघायचो, तो कॉम्प्युटर. सहा वर्षांत त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. 'पावणं' म्हणायचा, जसा काही मी एसटीतून उतरून पत्ता विचारायला आलो होतो. गडमुडशिंगीहून येताना डब्याबरोबर सीड्यांची चळत आणायचा आणि ती माझ्या फायलींवर ठेवायचा.

संस्थेच्या सचिवांना शिक्षकांची मतं ऑनलाइन मागवायची लहर आली, तेव्हा काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं. फुकट मिळणारी तीन सॉफ्टवेअरं त्याने उतरवून घेतली. मला त्यातलं रंगीत आलेख काढणारं आवडलं. त्याने निवृत्तीला आलेल्या चित्रकलेच्या एका सरांना बसवून तिन्हींवर प्रश्नावली भरून घेतली आणि माझं बाद केलं. का, तर त्यात मागच्या प्रश्नावर परत जाता येत नव्हतं.

"माणूस बोलून झाल्यावर इचार करतोय, पावणं. त्याला मागं जाता आलं पायजे."

मी म्हटलं, बाकीच्या दोन्हींत आलेख नाहीत.

"घालतो की. कोड उघडा हाय."

हे त्याचं पालुपद. कोड उघडा, म्हणजे सॉफ्टवेअर आतून हवं तसं बदलता येतं. त्याने ते बदललंही. इंग्रजी बटणं मराठी केली, आणि शेवटच्या बटणासाठी मी 'सादर करा' लिहून दिलं होतं, तिथे 'झालं' घातलं. मला विचारलंसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला बजावून सांगितली होती. प्रत्येक शिक्षकाला एक क्रमांक जाणार होता, तो उत्तरासोबत गुपचूप साठवायचा. सचिवांची तशी इच्छा होती आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर 'आपले नाव कुणालाही कळणार नाही' हे मीच लिहिलं होतं. तो "बघतो" एवढंच म्हणाला.

उत्तरं आली. सचिवांच्या मुलीच्या लग्नात आम्हाला पंगतीत वाढायला लावलं, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. सचिवांनी त्यांची नावं मागितली. मी यादी काढायला बसलो, तर क्रमांकाचा रकाना कोरा.

मी त्याच्यावर भडकलो, तोंडाला येईल ते बोललो. त्याने मॉनिटर ओढला, पहिलं पान उघडलं आणि माझ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे तुमीच लिवलंय न्हवं? मी ते खरं केलं."

ते मला असं झोंबलं की मी उठून थेट सचिवांच्या खोलीत गेलो. त्यांना नावं हवी होती. मी एक दिलं, त्याचं.

त्याची बदली गडहिंग्लजच्या शाळेत झाली. तिथे कॉम्प्युटरच नव्हता. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली असं कळलं. आमच्या खोलीतून निघताना सीड्या पिशवीत भरल्या, पासवर्डची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "कोड उघडा हाय, पावणं. पायजे तर बदला." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बढती मला मिळाली. पुढच्या वर्षी सचिवांनी पुन्हा मतं मागवली आणि क्रमांकाचं पुन्हा बजावलं. मी कोडची फाइल उघडली. त्याने बदललेली ओळ सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तिच्याकडे बघत बसलो. मग जाऊन सचिवांना सांगितलं, या सॉफ्टवेअरमध्ये ते होत नाही. ते "बरं" म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

एवढंच होतं ते. हेच वाक्य मी वर्षभर आधी म्हणालो असतो, तर माझा मॉनिटर ओढून घ्यायला तो अजून शेजारी बसलेला असता.